प्रस्थानाचं प्रकरण

ता. ९ जानेवारी

ताई,

नमस्कार गृहीत धर. फोनवर मी मुद्द्याशी येईपर्यंत तुझ्या लाँड्रीत कुणाच्या तरी कोटावर इस्त्री राहून जाते आणि तू फोन ठेवतेस, म्हणून हे पत्र. पत्र फार तर बाजूला ठेवता येतं.

बातमी अशी की कॉलेजनं मला वर्षभर शिकवण्यातून मोकळं केलंय आणि मी अखेर पुस्तकाला हात घातलाय. विषय, साहित्यातला आणि चित्रपटातला प्रवास. म्हणजे प्रतीक म्हणून. पहिलं प्रकरण प्रस्थानाचं. माणूस घरातून निघतो तेव्हा तो नुसता गावाबाहेर पडत नाही, आपल्या जुन्या आवृत्तीतून बाहेर पडतो. उंबरठा ही काही लाकडाची पट्टी नव्हे. आणि सामान म्हणजे त्याचा भूतकाळ. त्यातलं तो काय उचलतो आणि काय मागे टाकतो, यावर पुढची सगळी गोष्ट ठरते.

गंमत म्हणजे मला दाखले घरबसल्या मिळताहेत. आमच्या हिनं परवा चाकांची मोठी बॅग आणली आणि पॅसेजमध्ये अगदी दाराशी उभी केली. रिकामी बॅग, बंद दार, मधे उजेडाचा एक पट्टा. मी विचारलं, ही कशाला? म्हणाली, 'लागेल.' कुणाला, कधी, कुठे, काही नाही. तो एक शब्द मी प्रकरणाच्या डोक्यावर घातलाय.

शिवाय तिनं माळ्यावरून जुने गमबूट काढले. लग्नाआधी ती गुरांची डॉक्टर म्हणून गोठ्यांतून हिंडायची, तेव्हाचे. आता ती पशुखाद्याच्या कंपनीत बसून पोत्यावर काय छापायचं ते ठरवते, तिला गमबूट कशाला लागणार? पण तिनं ते घासूनपुसून खिडकीत वाळत ठेवले. स्मृतीला ऊन दाखवणं यावर मी दोन पानं लिहिली. आणि हल्ली सकाळी ती जीप चालवायला शिकायला जाते. आमच्याकडे जीप नाही. गतीची ओढ, दुसरं काय.

सध्या एक जुना चित्रपट रोज बघतो. एक माणूस सायकलच्या मागे मोठा आरसा बांधून गावोगाव फिरतो. आपल्याला सगळा वेळ आरशात मागे पडलेला रस्ता दिसतो, पुढचा दिसतच नाही. त्यावर स्वतंत्र प्रकरण होईल. पहिलं प्रकरण सोबत धाडतोय. सवडीनं वाच, पण लवकर वाच.

तुझा
पंडित
(हे नाव तू शाळेत ठेवलंस, मी फक्त त्याला जागतोय.)


ता. २० जानेवारी

पंडित,

आशीर्वाद घे आणि पुढे वाच.

प्रकरण वाचलं. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा, काउंटरवर उभ्यानं. भाषा छान आहे, कडक इस्त्रीची. कुठे सुरकुती म्हणून नाही. आत माणूस काही सापडला नाही, पण तो बहुतेक पुढच्या प्रकरणात येत असेल.

माझ्या शंका. एक, तो आरसा फुटतो का? एवढं कळव, जीव टांगणीला लागलाय. दोन, तुझ्या प्रकरणात राजपुत्र निघतो, खलाशी निघतो, व्यापारी निघतो, आता हा सायकलवाला निघालाय. बायका एक तर दारात उभ्या आहेत, नाही तर शेवटी बक्षीस म्हणून मिळताहेत. बाई कधी निघतच नाही का रे?

तिसरी शंका पुस्तकाबद्दल नाही. ज्या घरात जीप नाही त्या घरातली बाई जीप शिकते, तेव्हा नवऱ्यानं तिला काय विचारायचं असतं? मी लग्न केलं नाही, त्यामुळे मला ठाऊक नाही, तुला ठाऊक असेल असं वाटलं. माझ्याकडे कोट आला की मी आधी खिसे तपासते. आत काय आहे ते न बघता कोट पाण्यात घातला, की मग रडायची पाळी येते.

बाकी ठीक. डॉक्टरणीला विचारलं म्हणून सांग.

तुझी ताई


ता. ६ फेब्रुवारी

ताई,

आरसा फुटत नाही. तीच तर त्यातली मेख आहे. प्रेक्षक दोन तास तो फुटायची वाट बघतात आणि शेवटी माणूस तो एका न्हाव्याला देऊन टाकतो.

तुझी दुसरी शंका लाखमोलाची. मी तिच्यावर नवं प्रकरण रचलं, 'थांबलेली बाई'. कुणीतरी थांबतं म्हणूनच कुणालातरी निघता येतं. खिडकीतला दिवा नसेल तर परतणाऱ्याला परतणं म्हणता येणार नाही, तो नुसताच पुढे गेलेला माणूस ठरेल. जेवताना मी हे हिला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की ठसका लागला. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही, थांबलेल्या बाईला जरा पाणी दे.

परवा तर कमाल झाली. मी चित्रपटातलं पुलाचं दृश्य बघत होतो. ही येऊन पडद्याच्या बाजूला उभी राहिली आणि म्हणाली, 'मी पंचवीस तारखेला जातेय. नंतर सांगितलं नव्हतं म्हणू नकोस.' काय घट्ट वाक्य आहे बघ. पहिल्या निम्म्यात निर्णय, दुसऱ्या निम्म्यात सगळा संसार. मी चित्रपट थांबवून ते टिपून घेतलं आणि विचारलं, हे मी वापरू का? तिनं माझ्या हातातल्या वहीकडे बघितलं. मग म्हणाली, 'वापर.' तिला पुस्तकात रस वाटू लागलाय याचा मला खरंच आनंद आहे. पंचवीसला तिच्या कंपनीची सभा असणार, अधूनमधून असते.

त्याच दिवशी परगावच्या परिसंवादात माझं मुख्य भाषण आहे. विषय अर्थात प्रस्थान. तिथल्या ग्रंथालयात बसायचं म्हणून मी आठवडाभर आधीच जातोय. कोटाच्या खिशांची तुझी प्रतिमा फार सुंदर. भाषणात घेतलीय, राग मानू नकोस.

तुझा
पंडित


ता. १५ फेब्रुवारी

पंडित, गाढवा,

मी मध्ये बोलणार नाही असा तिला शब्द दिला होता. तो मोडतेय.

ती तुला वाक्यं पुरवत नाहीये, ती तुला सांगतेय. डोंगराकडच्या एका गावात गुरांचा दवाखाना आहे. तिथे कितीतरी दिवस डॉक्टर नाही. तिला ती जागा मिळाली. पंचवीसला ती सभेला जात नाही, कामावर रुजू व्हायला जाते. बॅग, गमबूट, जीप, सगळं त्यासाठी.

परिसंवादाला जाऊ नकोस. प्रस्थानावर बोलायला कुणीही मिळेल. घरी थांब आणि तिची बॅग उचलून गाडीपर्यंत नेऊन दे. तेवढं केलंस तरी पुष्कळ झालं.

यातलं काहीही पुस्तकात वापरायची परवानगी नाही.

ताई


ता. २८ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र आणि रिकामं घर, दोन्ही मला एकाच संध्याकाळी मिळालं. पत्र पेटीत पडलं होतं. मी आधीच निघून गेलो होतो.

भाषण उत्तम झालं. हे सांगायची ही वेळ नव्हे, पण कुणाला तरी सांगायला हवं. लोक उभे राहिले. सगळ्यात जास्त दाद मिळाली ती हिच्या वाक्याला. 'नंतर सांगितलं नव्हतं म्हणू नकोस' असं मी म्हटलं आणि सभागृहात कुजबुज उठली. पुढच्या रांगेतल्या एक प्राध्यापिकाबाई नंतर येऊन म्हणाल्या, ज्यानं हे ऐकलं त्याचं काय झालं असेल? मी म्हटलं, ते संहिता सांगत नाही.

त्याच वेळी ही बॅग घेऊन जिना उतरत होती. खालच्या शिंपीणबाईंनी एका बाजूनं धरली. त्यांनीच मला किल्ली दिली आणि पुढे काही विचारलं नाही, त्यामुळे जास्तच शरमल्यासारखं झालं.

घर नीट आवरलेलं आहे. गमबूट, हत्यारांची पेटी आणि जाड स्वेटर तिनं नेले. चांगले कपडे बहुतेक सगळे इथेच आहेत. लग्नातला फोटो भिंतीवर आहे. न्यायचा नव्हता म्हणून ठेवला, की माझ्यासाठी ठेवला? की तो आता तिचा नाहीच, असं काही? मी दोन दिवस त्याच्यासमोर बसून आहे.

आणि तुला सगळं ठाऊक होतं. सख्खी बहीण तू माझी. तिनं तुला सांगावं आणि तू मला आरसा फुटतो का विचारत बसावंस, हे कुठल्या शास्त्रात बसतं?

पंडित


ता. ७ मार्च

पंडित,

ठाऊक होतं. एवढंच नाही, त्या जागेची जाहिरात मीच तिला पाठवली. कपडे गुंडाळायच्या रद्दीत दिसली. आता हवं तर माझ्याशी अबोला धर, पण आधी हे वाच.

मागे ती एकटीच माझ्याकडे आली होती, आठवतं? तुला व्याख्यान होतं. दुकानासमोर एक कुत्री लंगडत होती. डॉक्टरीण बोलता बोलता उठली, फुटपाथवर उकिडवी बसली आणि तिचा पाय हातात घेऊन चाचपायला लागली. कुत्रीही मुकाट उभी राहिली. मग आत येऊन हात धुताना मला म्हणाली, इतक्या वर्षांत जिवंत जनावराला हात लावला नाही ताई, पोत्यावर गाईचं चित्र असतं, तेवढीच गाय बघते. जाहिरात मी त्यानंतर पाठवली. तुझा संसार मोडायला नाही पाठवली.

जाताना ती वाटेत माझ्याकडे उतरली होती. तुझ्याबद्दल वाईट बोलली नाही. म्हणाली, मी काही सांगायला लागले की तो त्यातला एक शब्द उचलतो आणि घेऊन जातो, बाकीची मी तिथेच उरते.

ती तुला सोडून गेली का, हे मला माहीत नाही. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. फोटोचं म्हणशील तर त्याचा खिळा उंचावर आहे आणि घरातलं एकुलतं एक स्टूल तू पुस्तकं ठेवायला अभ्यासिकेत नेलंस. तिचा हात पोचला नसेल.

पत्ता सोबत देते. मला लिहितोस तसं तिला लिहू नकोस.

ताई


ता. २७ मार्च

प्रिय,

तुझं अकरा पानी पत्र पोचलं. दवाखान्यात दुपारी वाचायला घेतलं. मधे दोनदा उठावं लागलं, एकदा बैलाच्या खुरातून खिळा काढायला आणि एकदा कोंबड्यांना लस टोचायला, म्हणून वेळ लागला.

मी त्यात स्वतःला शोधत होते. चौथ्या पानावर सापडले. तिथे मी बंडखोर नायिका आहे आणि पाठीमागे दार आपटून चालले आहे. मी दार आपटलं नव्हतं. कुलूप लावून, ओढून बघून, किल्ली शिंपीणबाईंकडे दिली. सातव्या पानावर मी स्वतःच्या शोधात निघालेय. तसंही नाही. मी हरवले नव्हते. मला गुरं हवी होती.

तू विचारतोस, हे प्रस्थान म्हणजे शेवट आहे की आरंभ. ही नोकरी आहे. सहा महिने कच्ची, मग पक्की. तिकडे परत यायचा माझा विचार नाही. तू नको आहेस असंही नाही. या दोन वाक्यांचा मेळ बसत नाही हे मला दिसतं. मी रोज सकाळी बसवून बघते, नाही बसला की कामाला जाते.

यायचं असेल तर ये. सकाळची बस दुपारी पोचते. बरोबर अर्थ वगैरे आणू नकोस, खोली लहान आहे. खांद्यापर्यंतचे रबरी हातमोजे मिळाले तर आण, इथले फाटतात.

मी


ता. १६ एप्रिल

ताई,

जाऊन आलो. प्रवासाबद्दल तू विचारणारच, तर मला काहीही माहीत नाही. बस शहराबाहेर पडायच्या आत मला झोप लागली. वाटेत म्हणे मोठी नदी आहे, तिच्यावर जुना लोखंडी पूल आहे, मग वळणांचा चढ आहे आणि वर एक बोगदा आहे. हयातभर ज्यावर शिकवलं ते सगळं ओळीनं मांडून ठेवलं होतं आणि मी तोंड उघडं टाकून घोरत होतो. शेजारच्या बाईंनी उठवलं, कारण माझं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं.

दवाखाना म्हणजे एक खोली, समोर जनावर उभं करायचा लोखंडी खोडा आणि एक बाक. बाकावर एक म्हाताऱ्या बाई शेळी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, तुमचं जनावर कुठाय? मी म्हटलं, मी डॉक्टरांचा नवरा. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, मग तुम्हाला थांबावं लागेल, आधी माझा नंबर आहे.

ही आली ती जीप उलटी घेत. शेळीला औषध पाजलं, म्हातारीला दोन गोष्टी सांगितल्या, मग माझ्याकडे वळली. हातमोजे आणलेस का, विचारलं. मी दिले. म्हणाली, चल, एक गाय अडलीये.

गोठ्यात वासराचे पाय दिसत होते, डोकं आत मागे वळलेलं. मालकानं दोरी धरली होती, त्याच्या बायकोनं गाईचं तोंड धरलं होतं. शेपूट तेवढं मोकळं होतं, ते मला मिळालं. हिनं खांद्यापर्यंत हात आत घातला आणि गाल गाईच्या मांडीला टेकवून डोळे मिटले. हातानं काहीतरी ऐकत असल्यासारखी. असा तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. किंवा तो घरीही असेल आणि माझा चित्रपट चालू असेल. मालक घाई करायला लागला तर ती शांतपणे म्हणाली, ओढू नका, आधी आत ढकलावं लागतं, जागा झाली की मगच डोकं फिरतं. ताई, शपथेवर सांगतो, हे वाक्य मी टिपून घेतलं नाही. माझे दोन्ही हात शेपटीत होते हेही खरं.

वासरू आलं ते निपचित. तिनं त्याच्या नाकातला चिकटा बोटांनी काढला, नाकपुडीत काडी फिरवली, गवतानं अंग खसाखसा चोळलं. बऱ्याच वेळानं ते शिंकलं. मालकाची बायको मटकन खाली बसली. मी अजून शेपूट धरूनच उभा होतो.

नळावर ती हात धूत होती तेव्हा मी विचारलं, 'परत येणार आहेस का?'

'नाही.'

'मग मी काय करू?'

ती साबण लावत राहिली. मग म्हणाली, 'हेच मी तुला विचारलं होतं. लग्नाच्या वेळी, तुला कॉलेज लागलं आणि माझा दवाखाना सुटला तेव्हा. तू म्हणालास, तुलाही तिथे काहीतरी मिळेल.'

मला ते आठवत नव्हतं. तिला आठवत होतं, पण त्यात राग नव्हता, रागापेक्षा ते कठीण गेलं. मी म्हटलं, 'मग मिळालं का?'

'मिळालं की. पोती.' तिनं हात झटकले. 'तुलाही मिळेल इथे काहीतरी.'

मी चार दिवस राहिलो. ती काय करते ते बघितलं, बराच वेळ तिच्या वाटेत आलो. आता घरी आलोय ते सामान बांधायला. वर्ष मोकळंच आहे, पुस्तक कुठेही लिहिता येतं. पुढच्या आठवड्यात जातो. शिंपीणबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, बॅग धरू का?

फोटो काढला. स्टूल लागलं.

तुझा
पंडित


ता. ३ जुलै

प्रिय ताई,

तुमची चादरी-टॉवेलांची पेटी पोचली. इतक्या स्वच्छ गोष्टी या खोलीत कशा राहायच्या, बघते.

तुमचा भाऊ बरा आहे. पुस्तकांची खोकी पलंगाखाली आणि प्रोजेक्टर औषधांच्या कपाटावर आहे. गावात त्याला डॉक्टरांचे मिस्टर म्हणतात. सुरुवातीला तो दचकायचा, आता हाक मारली की ओ देतो. मी त्याला आजारी जनावरांच्या नोंदी लिहायला बसवलं. पहिल्या दिवशी त्यानं लिहिलं, 'गाय उदास आहे, आणि या उदासीला काळाचं परिमाण आहे.' मी खोडून लिहिलं, ताप, तीन दिवस. आता त्याच्या नोंदी आटोपशीर होताहेत. तरी परवा एका बोकडाला त्यानं 'संदिग्ध' म्हटलं, आणि खरं सांगते, तो होताच.

'थांबलेली बाई' हे प्रकरण त्यानं काढून टाकलं. त्या जागी 'थांबलेला नवरा' लिहायला घेतलंय. मी म्हटलं, दोन पानांत आटप. त्याला वाईट वाटलं. स्वयंपाक मात्र शिकला, थोडा जळका, पण वेळेवर.

तुम्ही विचारता तसं सगळं सुरळीत झालंय का, तर ते मला सांगता येणार नाही. डिसेंबरात त्याची रजा संपते. त्यानंतर काय, हे आम्ही अजून बोललो नाही. दोघांनाही विषय ठाऊक आहे. तो चहा ठेवतो, मी जीप पुसते.

काल एक गाय गेली. पोट फुगलं होतं. चांगली दुभती, घरात तेवढीच. मी जाऊन औषध दिलं, नळी घातली, फुगी थोडी उतरल्यासारखी वाटली म्हणून वाट बघितली. मग ती बसली ती उठलीच नाही. मालकानं मला दोष दिला नाही. उलट मलाच म्हणाला, डॉक्टर, तुम्ही काय करणार, तिचं तेवढंच होतं. सगळे असंच म्हणतात. चांगुलपणानं म्हणतात.

घरी आले तर हा पायरीवर बसून भाजी निवडत होता. मी काही बोलले नाही, तर तोही बोलला नाही. हे नवीन आहे. खूप वेळानं म्हणाला, 'काय झालं?' मी सांगितलं, पहिल्यापासून. तो मधे बोलला नाही. माझं संपल्यावर त्यानं विचारलं, 'तुझ्या हातून काही राहिलं का?'

ताई, हे मला कुणी विचारत नाही. मी खरंच विचार केला. मग म्हटलं, 'हो. आधीच पोटाला छिद्र पाडून हवा काढायला हवी होती. मी घाबरले.'

तो 'बरं' म्हणाला. शेजारची भाजीची परात त्यानं मांडीवर घेतली, आणि मी तिथेच त्याच्याजवळ बसले.

तुमची
डॉक्टरीण